‘नव’ हे विशेषण आणि मूल्य : नांदेड-लातूर परिसरातील काही साक्षी

मराठी समीक्षेच्या व्यवहारात ‘नव’ हा शब्द गेली पाऊणशे वर्षे मोठ्या विश्वासाने वापरला जात आहे. नवकाव्य, नवकथा, नवसाहित्य ही नावे प्रथम प्रवृत्ती ओळखण्याच्या सोयीसाठी आली. परंतु अल्पावधीतच ती प्रशस्तीसारखी वापरली जाऊ लागली. एखाद्या कवितेस ‘नवी’ म्हटले की तिच्याविषयी आणखी काही सिद्ध करण्याची गरज उरत नाही आणि ‘जुन्या वळणाची’ म्हटले की तिच्या परीक्षणाची गरज उरत नाही, अशी एक सवय या काळात समीक्षेच्या अंगवळणी पडलेली दिसते.

या सवयीत तीन भिन्न प्रकारच्या विधानांची सरमिसळ झालेली आहे. एखादी कृती अलीकडची आहे, हे कालनिर्देशक विधान होय. ती पूर्वीच्या कृतींहून वेगळी आहे, हे वर्णनपर विधान होय. ती पूर्वीच्या कृतींहून सरस आहे, हे मूल्यविधान होय. पहिल्यावरून दुसरे सिद्ध होत नाही आणि दुसऱ्यावरून तिसरे निष्पन्न होत नाही. अलीकडची कृती सर्वस्वी रूढ असू शकते. वेगळी कृती निकृष्टही असू शकते. तरीही व्यवहारात पहिल्या विधानावरून थेट तिसऱ्यावर उडी घेतली जाते आणि मधल्या युक्तिवादाची जागा रिकामी राहते.

हा प्रश्न आधुनिक काळानेच निर्माण केला, असेही नाही. ‘मालविकाग्निमित्रा’च्या प्रस्तावनेत भास, सौमिल्ल, कविपुत्र अशा ख्यातनाम नाटककारांना सोडून कालिदासासारख्या वर्तमान कवीची कृती का करावी, अशी शंका पारिपार्श्विक घेतो आणि सूत्रधार तिचे निरसन करतो. नव्याच्या कैवाऱ्यांनी हे उत्तर वारंवार आपल्या बाजूने वापरले आहे. प्रत्यक्षात सूत्रधाराचे म्हणणे दुहेरी आहे : जुनेपणा हा गुण नव्हे, आणि नवेपणा हा दोष नव्हे. त्यातून नवेपणा हा गुण आहे, असे कोठेही निघत नाही. निर्णय परीक्षेवर सोपविलेला आहे. हा परीक्षेचा टप्पा गाळला की काय घडते, हे पाहण्यास नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांचा इतिहास विशेष उपयुक्त आहे. येथे हा प्रश्न व्याकरणशास्त्रात, मराठी गद्याच्या इतिहासात, आधुनिक समीक्षेत आणि शेवटी माणसांच्या घरांच्या संदर्भात निरनिराळ्या काळी उपस्थित झाला.

१

गोदातीरावरील नांदेडशी ज्या शेष घराण्याचे मूळ जोडले जाते, त्या घराण्याने सोळाव्या-सतराव्या शतकांत काशीच्या पांडित्यविश्वात मानाचे स्थान मिळविले. या घराण्यातील शेषकृष्ण हे वैयाकरण म्हणून ख्यात होते. ‘कंसवध’ हे नाटकही त्यांच्या नावावर आहे. रामचंद्राच्या ‘प्रक्रियाकौमुदी’वर त्यांनी ‘प्रकाश’ ही टीका लिहिली. भट्टोजी दीक्षित हे त्यांचे शिष्य. या शिष्याने ‘सिद्धान्तकौमुदी’ रचली आणि तिच्यावरील ‘प्रौढमनोरमा’ या स्वतःच्याच टीकेत गुरूच्या मतांचे खंडन केले. शेष घराण्यातील चक्रपाणीने त्याला प्रत्युत्तर दिले. पुढे जगन्नाथ पंडिताने ‘मनोरमाकुचमर्दन’ लिहून भट्टोजींवर गुरुद्रोहाचा ठपका ठेवला. जगन्नाथाचे वडील पेरुभट्ट हे शेषकृष्णाचे पुत्र वीरेश्वर यांच्याजवळ शिकलेले असल्याने या वादाला परंपरेच्या निष्ठेचीही धार होती.

हा वाद जुने विरुद्ध नवे असा सरळ मांडला जातो. परंतु त्याची रचना अधिक गुंतागुंतीची आहे. ‘प्रक्रियाकौमुदी’ हीच तिच्या काळी एक नवी मांडणी होती. पाणिनीची सूत्रे अष्टाध्यायीच्या मूळ क्रमाने न घेता रूपसिद्धीच्या सोयीने लावण्याची पद्धत तीत होती. भट्टोजींनी तीच दिशा पुढे नेली आणि पूर्वीच्या ग्रंथात न आलेली सूत्रेही अंतर्भूत करून पाणिनीचे समग्र शास्त्र प्रकरणशः बसविले. ‘सिद्धान्तकौमुदी’ पाठशाळांतून सर्वत्र रूढ झाली, ती नवी होती म्हणून नव्हे. समग्रता आणि अध्यापनाची सोय ही तिच्या स्वीकाराची सांगता येण्याजोगी कारणे होती. येथे नवे सरस ठरले, पण ते कशात सरस ठरले हे दाखविता येते.

त्याबरोबरच काय गमावले, हेही दाखविता येते. अष्टाध्यायीत प्रत्येक सूत्र आधीच्या सूत्रांतील पदे अनुवृत्तीने घेत असते. त्यामुळे सूत्र अत्यल्पाक्षर राहूनही पूर्णार्थ होते. क्रम मोडला की अनुवृत्ती डोळ्यांसमोर राहत नाही आणि प्रत्येक सूत्राचा पूर्ण अर्थ वृत्तीतून स्वतंत्रपणे शिकावा लागतो. शब्द साधण्याची वाट सोपी झाली. शास्त्राची अंतर्गत रचना मात्र दृष्टिआड झाली. एकोणिसाव्या शतकात मथुरेच्या विरजानंदांनी आणि त्यांचे शिष्य दयानंद सरस्वती यांनी कौमुदी बाजूस सारून अष्टाध्यायीकडे परतण्याचा आग्रह धरला, तेव्हा या हानीची जाणीव त्यामागे होतीच. मात्र ग्रंथ ऋषिप्रणीत आहे की नाही, हा निकष त्यांनी जोडल्यामुळे एका भ्रमाची जागा त्याच्या उलट्या भ्रमाने घेतली. ग्रंथ अलीकडच्या माणसाने लिहिला म्हणून त्याज्य, हे म्हणणे ग्रंथ अलीकडचा म्हणून ग्राह्य, या म्हणण्याइतकेच अपुरे आहे.

सतराव्या शतकातील संस्कृत शास्त्रकार स्वतःला आणि परस्परांना ‘नव्य’ म्हणून ओळखू लागले होते, याकडे शेल्डन पोलॉक यांनी २००१ मध्ये लक्ष वेधले. साहित्यशास्त्रात याची उत्तम साक्ष ‘रसगंगाधरा’त मिळते. जगन्नाथ प्राचीनांची मते मांडतो, तशीच नव्यांचीही मांडतो. ‘नव्य’ हे तेथे एका पक्षाचे नाव आहे, निकालाचे नव्हे. नव्यांच्या पक्षालाही लक्षण, आक्षेप आणि समाधान या मार्गानेच जावे लागते. मराठी समीक्षेने ‘नव’ हा शब्द स्वीकारला. पण या शास्त्रपरंपरेत त्या शब्दाबरोबर येणारे सिद्धतेचे ओझे मात्र स्वीकारले नाही.

२

मराठी वाङ्मयाच्या इतिहासलेखनात हा भ्रम विकासाच्या रूपकातून शिरला. बाल्य, तारुण्य, प्रौढत्व अशा अवस्थांची भाषा एकदा पत्करली की उत्तरकालीन वाङ्मय पूर्वकालीन वाङ्मयाहून अधिक परिपक्व असणार, हे गृहीत आपोआप येते. गद्याच्या बाबतीत हे गृहीत विशेष दृढ होते. प्राचीन मराठी वाङ्मय म्हणजे पद्य, आणि गद्य ही इंग्रजी राजवटीतील शाळाखात्याची, मुद्रणालयांची व नियतकालिकांची निर्मिती, अशी समजूत एकोणिसाव्या शतकात सहज शक्य होती. बखरींचा अपवाद मान्य केला, तरी त्यांना गद्यकलेची पूर्वतयारी मानण्याकडेच कल होता.

या समजुतीला धक्का देणारे वाङ्मय महानुभावांच्या मठांत हस्तलिखितांच्या रूपाने जपलेले होते. नांदेड जिल्ह्यातील माहूर हे दत्तक्षेत्र या पंथाच्या पवित्र स्थानांपैकी एक. महानुभावांच्या पंचकृष्णांत श्रीदत्तात्रेयांचा समावेश असून माहूरचे देवदेवेश्वर हे त्यांचे श्रद्धास्थान आहे. परंतु पंथाचे ग्रंथ सांकेतिक लिपींत असल्याने बाहेरच्या अभ्यासकांना ते शतकानुशतके अगम्य राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी या लिपींची उकल झाली आणि पुढे म्हाइंभटांचे ‘लीळाचरित्र’ मुद्रित रूपात उपलब्ध झाले. ह. ना. नेने यांनी त्याच्या प्रकाशनाचे आरंभीचे कार्य केले; वि. भि. कोलते यांनी संपादित केलेली प्रत १९७८ मध्ये प्रसिद्ध झाली.

तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातील हा ग्रंथ अभ्यासकांपुढे आला तेव्हा विकासाच्या रूपकाची अडचण उघड झाली. छोटी वाक्ये, बोलण्याचा नैसर्गिक लय, संवादांतून उभी राहणारी माणसे, प्रसंग सांगून थांबण्याचा संयम, त्याचप्रमाणे एकाच प्रसंगाच्या निरनिराळ्या आठवणी वेगळ्या नोंदविण्याची दक्षता, हे या गद्याचे विशेष आहेत. ज्या गुणांना समीक्षक आधुनिक गद्याची कमाई मानत होते, त्यांतील अनेक गुण सहा-सात शतके आधीच्या गद्यात आढळले. एकोणिसाव्या शतकातील संस्कृतप्रचुर, लांबलचक वाक्यांचे निबंधगद्य या कसोटीवर पुढचे पाऊल ठरते की वेगळ्या गरजेतून आलेली वेगळी रीत ठरते, हा प्रश्न त्यानंतर टाळता येण्यासारखा राहिला नाही.

तरीही रूपकाने हार मानली नाही. ‘लीळाचरित्रा’ची प्रशंसा अनेकदा ‘किती आधुनिक वाटते’ या शब्दांत झाली. ही प्रशंसा वरवर औदार्याची असली तरी तिच्यात जुना निकष शाबूत आहे. प्राचीन ग्रंथाला मान मिळतो, तो उत्तरकालाशी असलेल्या साम्यामुळे. जे या साम्यात बसत नाही, उदाहरणार्थ अवताराविषयीची श्रद्धा, गुरूच्या लहानसहान हालचालींचीही लीळा म्हणून केलेली आदरपूर्वक नोंद, स्मरण हीच साधना मानणारी वृत्ती, ते सारे वगळले जाते. वास्तविक त्या गद्याची साधी, नेमकी शैली याच साधनेतून आली आहे. गुरूचे शब्द जसेच्या तसे राखावयाचे असल्यामुळे निवेदक स्वतःची भाषा मध्ये येऊ देत नाही. शैली घेऊन तिचे कारण टाकून देणारी समीक्षा ग्रंथ समजून घेत नाही. ती त्यात स्वतःचे प्रतिबिंब पाहते.

३

विसाव्या शतकाच्या मध्यास ‘नव’ हे विशेषण मराठी साहित्यात सर्वाधिक प्रभावी झाले. मर्ढेकरांच्या ‘काही कविता’ १९४७ मध्ये आल्या; गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, व्यंकटेश माडगूळकर यांच्या कथांनी नवकथेची ओळख घडविली. या लेखनाचे सामर्थ्य वादातीत आहे. प्रश्न त्या सामर्थ्याच्या स्पष्टीकरणाचा आहे. मर्ढेकरांच्या कवितेतील यंत्रयुगीन प्रतिमा आणि शब्दांची मोडतोड ही तिच्या नवेपणाची खूण मानली गेली. परंतु त्या कवितेने अभंगाचा आणि ओवीचा घाट मोठ्या प्रमाणावर वापरला, हे तितकेच ध्यानात घेतले पाहिजे. संतांच्या घाटात संतांची श्रद्धा मावेनाशी झाली आहे, या ताणातून ती कविता उभी राहते. जुना घाट वाचकाच्या कानात जागा नसेल, तर हा ताणच ऐकू येत नाही. नव्याचे आकलन जुन्याच्या परिचयावर अवलंबून आहे. म्हणून जुन्याला गतार्थ ठरवणारी समीक्षा नव्यालाही दुर्बोध करून ठेवते.

मराठवाड्याच्या संदर्भात या विशेषणाला आणखी एक अर्थच्छटा होती. निजामी राजवटीत उच्च शिक्षण उर्दूतून होते. हैदराबाद राज्य १९४८ च्या सप्टेंबरात भारतीय संघराज्यात सामील होईपर्यंत मराठी शाळा, मुद्रण आणि नियतकालिके यांना येथे फारसा वाव नव्हता. पुण्या-मुंबईत जे ‘नवे’ ठरे, ते नांदेड-लातूरच्या वाचकांपर्यंत उशिरा पोचे. मग या प्रदेशातील लेखन पुण्या-मुंबईच्या घड्याळाने मोजले गेले. नांदेडशेजारच्या परभणीचे बी. रघुनाथ (१९१३-१९५३) यांच्या कथा-कादंबऱ्यांचा विचारही बराच काळ मुख्य प्रवाहाशी त्यांचे नाते कितपत जुळते, या अंगाने होत राहिला. ‘आडगावचे चौधरी’सारख्या कादंबरीत जहागिरी-देशमुखीच्या व्यवस्थेतील जे जीवन येते, त्याला पुण्या-मुंबईच्या कादंबरीत समांतर शोधणे व्यर्थ आहे. एका प्रदेशाचा काळ दुसऱ्या प्रदेशाच्या काळाची मागे पडलेली आवृत्ती मानला की वेगळेपण हे मागासपण होते. ‘नवे ते सरस’ हे सूत्र अशा रीतीने भूगोलावर लादले गेले आणि त्याचा स्वीकार मराठवाड्यातील कित्येक अभ्यासकांनीही विनातक्रार केला.

नांदेडच्या नरहर कुरुंदकरांचे (१९३२-१९८२) लेखन या स्वीकाराला अपवाद ठरते. पीपल्स कॉलेजात अध्यापन करणाऱ्या या समीक्षकाच्या अभ्यासविषयांची यादीच बोलकी आहे. एकीकडे भरताचे नाट्यशास्त्र, दुसरीकडे आय. ए. रिचर्ड्स, एकीकडे मनुस्मृती, दुसरीकडे मराठी कादंबरीचा प्रवास रेखाटणारे ‘धार आणि काठ’ (१९७१). विचाराने ते आधुनिकतेचे, इहवादाचे आणि समतेचे खंदे पुरस्कर्ते होते. परंतु मनुस्मृतीवरील त्यांची टीका तिच्या प्राचीनतेवर उभी नाही. तिच्यातील विषमतेच्या समर्थनावर उभी आहे. त्याचप्रमाणे नाट्यशास्त्राकडे ते वळले, ते प्राचीन वैभवाच्या अभिमानापोटी नव्हे. रिचर्ड्सच्या सिद्धांताला ज्या प्रकारचे प्रश्न विचारावयाचे, त्याच प्रकारचे प्रश्न भरताच्या संहितेलाही विचारता येतात, ही त्यांची भूमिका होती. नव्याचा पुरस्कार आणि नवेपणाला मूल्य मानणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे या लेखनातून स्पष्ट होते.

४

साहित्यातील भ्रमाची किंमत एखादा ग्रंथ दुर्लक्षित राहण्यात मोजली जाते. तोच भ्रम समाजव्यवहारात आला की किंमत निराळी होते. लातूर जिल्ह्याने ती जवळून पाहिली आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपाने लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या जिल्ह्यांतील अनेक गावे जमीनदोस्त झाली. अधिकृत गणनेनुसार सुमारे आठ हजार माणसे दगावली. बहुतेक माणसे घरात झोपलेली होती आणि घरांनीच त्यांचा बळी घेतला. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदावरील मातीचा जड थर यांखाली ती गाडली गेली.

या आघातानंतर जुने घर म्हणजे मृत्यू आणि सिमेंट-काँक्रीटचे नवे घर म्हणजे सुरक्षितता, असे समीकरण लोकमानसात रुजले. ज्यांनी आप्त गमावले त्यांच्या भयाविषयी तर्कशास्त्र सांगत बसणे अनुचितच होय. पण या समीकरणाचे रूपांतर नियोजनाच्या गृहीतात झाले, तेव्हा त्याची तपासणी आवश्यक होती. पडझडीच्या पाहण्यांतून दिसलेले चित्र या समीकरणात बसत नाही. भिंती ढासळल्या तेथेही अनेक ठिकाणी खांब-तुळयांचा लाकडी सांगाडा उभा राहिला. गरिबांच्या हलक्या कुडाच्या झोपड्यांनी तुलनेने कमी जीव घेतले. त्या तर घरांच्या सर्वांत जुन्या प्रकारात मोडतात. भिंत कोसळली, कारण तिच्या आतल्या व बाहेरच्या थरांना बांधून ठेवणारे आरपार दगड नव्हते, दर्जाहीन मातीत गोल दगड रचलेले होते आणि माळवदावर वर्षानुवर्षे चढत गेलेला थर अवजड झाला होता. दोष बांधणीचा होता. तो त्या पद्धतीने काल बांधलेल्या घरातही राहिला असता, आणि काळजी न घेता बांधलेल्या काँक्रीटच्या घरातही वेगळ्या रूपाने येऊ शकतो.

पुनर्वसनात बावन्न गावे नव्या जागी वसविली गेली. सरळ रेषांतील रुंद रस्ते, एकसारखी घरे, स्वतंत्र भूखंड, असा त्यांचा आराखडा होता. जुन्या गावातील गल्ल्या, भावकीच्या घरांची जवळीक, ओसरी, गुरांची आणि शेती-अवजारांची जागा यांना या आराखड्यात पुरेसे स्थान नव्हते, अशी नोंद पुढील काळातील अभ्यासांनी केली. घर सुरक्षित झाले; वस्तीची वीण मात्र उसवली. याउलट कमी हानी झालेल्या असंख्य गावांत जुनी घरे जागच्या जागी दुरुस्त व बळकट करण्याचा मार्गही त्याच कार्यक्रमात अवलंबिला गेला. माळवदाचा भार कमी करणे, भिंतीत आरपार बांध घालणे, सांगाडा आडव्या-तिरप्या जोडांनी आवळणे, हे उपाय जुन्या घराला दोषमुक्त करणारे होते. ‘जुने की नवे’ असा प्रश्न विचारणाऱ्याला हा मार्ग सुचतच नाही. ‘कोणता दोष, कोणता उपाय’ असा प्रश्न विचारणाऱ्यालाच तो दिसतो.

याच घटनेत नव्याच्या न्याय्य श्रेष्ठत्वाचेही उदाहरण आहे. भूकंपापूर्वीच्या नकाशात हा परिसर सर्वांत कमी धोक्याच्या क्षेत्रात होता. दख्खनचे पठार स्थिर मानले जाई. किल्लारीनंतरच्या फेरविचारात २००२ च्या सुधारित मानकाने ते पहिले क्षेत्रच रद्द केले. नवा नकाशा जुन्याहून सरस आहे, कारण जुन्याला ठाऊक नसलेला पुरावा त्याने सामावून घेतला आहे. ज्ञानाच्या क्षेत्रात उत्तरकालीन सिद्धांत पुष्कळदा अधिक ग्राह्य असतो, तो अशा कारणासाठी. तारीख ही त्या कारणाची सोयीची खूण असेल, पण ती कारणाची जागा घेऊ शकत नाही.

५

या चारही साक्षी एकाच निष्कर्षाकडे नेतात. नवे जेव्हा सरस असते तेव्हा त्याच्या सरसपणाचे कारण कालनिर्देश न करता सांगता येते : ‘सिद्धान्तकौमुदी’ची समग्रता, मर्ढेकरांच्या कवितेतील घाट आणि आशय यांचा ताण, सुधारित नकाशातील पुरावा. असे कारण सांगता येत नसेल, तर ‘नवे’ या शब्दाने केवळ पसंती व्यक्त होते. त्याचप्रमाणे प्रत्येक नव्याबरोबर काहीतरी गमावले जाते : अनुवृत्तीची जाण, शैलीमागची साधना, गावाची वीण. हानीचा हिशेब न मांडणारी प्रगतीची कथा अर्धीच असते.

या भ्रमाचा प्रतिवाद करताना त्याच्या उलट्या रूपापासून सावध राहणे अगत्याचे आहे. बोलभाषेत ‘हायब्रीड’ हा शब्द निकसपणाचा आणि ‘गावरान’ हा अस्सलपणाचा वाचक होऊन बसला आहे. तेथेही परीक्षेची जागा विशेषणाने घेतली आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाल्यानंतर प्राचीनतेचा अभिमान वाढणे स्वाभाविक आहे. पण ‘लीळाचरित्र’ थोर आहे ते जुने असल्यामुळे, असे म्हणणे हे ‘किती आधुनिक’ या प्रशंसेचेच उलट रूप होय. दोन्ही विधाने ग्रंथ न वाचता करता येतात, हाच त्यांचा समान दोष आहे.

नांदेड आणि लातूर या जिल्ह्यांतील महाविद्यालये १९९४ मध्ये स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत येतात. तेथील अभ्यासमंडळांपुढे, किंबहुना मराठीच्या सर्वच अभ्यासमंडळांपुढे, अभ्यासक्रम ‘अद्ययावत’ करण्याचा प्रश्न ठरावीक काळाने येत असतो. अशा वेळी कोणता ग्रंथ ठेवावा आणि कोणता काढावा, याचा निर्णय प्रकाशनवर्ष पाहून झाला, तर तो निर्णय अभ्यासाचा राहत नाही. काढल्या जाणाऱ्या ग्रंथाबरोबर विद्यार्थ्याची कोणती क्षमता जाते आणि येणाऱ्या ग्रंथाबरोबर कोणती येते, एवढे दोन प्रश्न विचारले गेले तरी पुरे. तेराव्या शतकातील गद्य वाचता न येणाऱ्या पिढीला विसाव्या शतकातील कवितेतील अभंगही ऐकू येणार नाही. मग ती जिला नवे म्हणेल, ते नवे आहे की नाही, हे ठरविण्याचे साधनही तिच्याजवळ उरणार नाही.